अँटेनाखालची जमीन नेमकं काय करते?

दीर्घलहरी (धागाकर्ता):

अँटेनाची लांबी, बालन, कोॲक्स (अँटेनाकडे जाणारी केबल), ट्युनर यांवर आपल्या हौशी रेडिओवाल्यांत भरपूर चर्चा होते. जमिनीचा विषय निघाला की मात्र "अर्थिंग चांगलं करून घ्या" एवढ्यावर तो संपतो. एचएफवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लघुलहरींवर, काम करणाऱ्याला एवढं पुरत नाही. ज्या जमिनीवर खांब उभा आहे तीही अँटेनाचाच भाग आहे, आणि सिग्नल कुठे जाणार हे पुष्कळदा तीच ठरवते. म्हणून हा धागा.

जमिनीचा अँटेनाशी तीन प्रकारे संबंध येतो. दूरची जमीन लहरी परावर्तित करते, त्यावरून सिग्नल आकाशात किती कोनात निघेल ते ठरतं. अगदी जवळची जमीन अँटेनाच्या क्षेत्रात सापडते आणि पॉवर खाते. तिसरा संबंध सुरक्षेचा, म्हणजे वीज पडणे आणि शॉक यांपासून बचाव. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की मेहनत भलत्याच ठिकाणी जाते.

आधी आडवा डायपोल घेऊ, म्हणजे मधोमध केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार. त्याच्यापासून निघालेल्या लहरींचा एक भाग थेट आकाशात जातो, दुसरा खाली जमिनीवर आपटून वर येतो. आडव्या ध्रुवीकरणात (लहरीचं विद्युतक्षेत्र आडवं असताना) परावर्तन होताना फेज उलटते, म्हणजे लहरीचे चढउतार उलटे होतात. त्यामुळे क्षितिजाच्या अगदी लगत दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. कोन जसा वाढतो तसा दोघींच्या प्रवासातला फरक वाढत जातो आणि एका विशिष्ट कोनात त्या पूर्ण जुळतात. तिथे क्षेत्र जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे जमिनीकडून सहा डेसिबलपर्यंतचा फायदा फुकट मिळतो. सपाट जमिनीवर पहिल्या लोबचा (सर्वाधिक जोराच्या झोताचा) कोन काढायचं सूत्र सोपं आहे: त्या कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी भागिले चौपट उंची. उंची पाव तरंगलांबी असेल तर उत्तर ९० अंश, सगळा जोर डोक्यावर. अर्धी असेल तर ३० अंश. पूर्ण एक तरंगलांबी असेल तर साधारण १४.५ अंश. दोन असतील तर ७ अंशांच्या आसपास.

आता हे मीटरमध्ये बघा. २० मीटर बँडवर (बँडचं नाव म्हणजे साधारण तरंगलांबी) अर्धी तरंगलांबी साडेदहा मीटरच्या आसपास येते, तेवढा खांब पुष्कळांना जमतो. ४० मीटरवर तीच २१ मीटर होते आणि ८० वर चाळीसच्या वर. म्हणजे एकाच खांबावरची तार १० मीटर बँडवर डीएक्स, म्हणजे फार लांबचा संपर्क, देते आणि ४० वर शेजारच्या जिल्ह्याशी बोलते. दोन्ही वेळा तार ठीकच असते. तरंगलांबीत मोजली की उंची बदललेली असते, एवढंच.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आडव्या अँटेनाला मातीचा कस फारसा भेडसावत नाही. कमी कोनात आडवी लहर जवळपास कुठल्याही मातीवरून नीट परावर्तित होते, कोरड्या मुरमावरूनही. तिथे खरा प्रश्न उंचीचा. उभ्या अँटेनाला मात्र माती सोडत नाही, आणि त्यावर खाली सविस्तर बोलू. आपापल्या शंका मांडा.

नवा_ऑपरेटर:

छान विषय. माझा ४० मीटरचा डायपोल सात मीटर उंचीवर आहे. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.२ येतो. जवळची स्टेशनं दणदणीत येतात, लांबची येतच नाहीत. एसडब्ल्यूआर इतका चांगला असताना असं का?

दीर्घलहरी:

एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की केबलमधून गेलेली पॉवर अँटेनाने घेतली. ती कुठल्या दिशेने गेली, किंवा मातीत किती जिरली, याचा त्यात पत्ता नसतो. ७ मेगाहर्ट्‌झवर सात मीटर म्हणजे तरंगलांबीचा सहावा हिस्सा. तुमचा सगळा जोर डोक्यावर जातो आणि आयनोस्फिअरवरून जवळच खाली येतो. यालाच एनव्हीआयएस (जवळजवळ उभ्या कोनातून आकाशामार्गे संपर्क) म्हणतात, आणि चारशे-पाचशे किलोमीटरच्या आतल्या नेटसाठी (ठरलेल्या वेळच्या सामूहिक संपर्कासाठी), आपत्तीच्या काळातल्या संपर्कासाठी हीच मांडणी मुद्दाम केली जाते. तुमच्याकडे ती आयतीच आहे.

लांबचं हवं असेल तर २० अंशांच्या खाली ताकद लागते. तुमची तार सातवरून एकवीस मीटरवर नेली तर २० अंशांच्या कोनात निदान सहा डेसिबलची भर पडते, म्हणजे पॉवर चौपट केल्यासारखं. आणि ही भर ऐकतानाही मिळते, जी लिनिअर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावून मिळत नाही.

आणखी एक. डायपोलचा अवरोध (इम्पिडन्स) मोकळ्या जागेत ७३ ओहम असतो. जमिनीजवळ तो उंचीनुसार खालीवर होत राहतो. आदर्श वाहक जमिनीवर तार खाली आणत गेलं तर तो शून्याकडे जायला हवा. खऱ्या मातीवर तसं होत नाही, कारण मातीतलं नुकसान त्यात मिळवलं जातं. म्हणून फार खाली टांगलेल्या तारेचा एसडब्ल्यूआर सुंदर दिसू शकतो. तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याखाली तार नेऊ नका, तिथून पुढे नुकसान झपाट्याने वाढतं.

गच्चीवरचा_मास्ट:

माझा प्रश्न उंचीचाच. अँटेना इमारतीच्या गच्चीवर, गच्चीपासून पाच मीटर. इमारत पंधरा मीटर. सूत्रात पाच घालायचे की वीस?

दीर्घलहरी:

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि उत्तर कोनावर अवलंबून आहे. परावर्तन कुठे होतं ते काढा: उंची भागिले कोनाचा टॅन्जंट. १५ अंशांच्या किरणासाठी गच्चीवरचं परावर्तन खांबापासून जवळजवळ १९ मीटरवर व्हायला हवं. तुमची गच्ची तितकी पसरलेली नसेल तर तो किरण गच्ची चुकवून खाली रस्त्यावर, पंचाहत्तर मीटर दूर आपटणार. म्हणजे कमी कोनांसाठी तुमची उंची वीस मीटर आहे. चढ्या कोनांचे किरण मात्र गच्चीवरच आपटतात आणि स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी त्यांना जमिनीसारखी भेटते. खालच्या बँडवर गच्ची तरंगलांबीच्या मानाने लहान पडते, तेव्हा दोन्हींचं मिश्रण होतं आणि साधं सूत्र पुरत नाही.

जवळच्या नुकसानाच्या बाबतीत मात्र पाच मीटरच खरे. सळ्या, पाण्याचे पाइप, वायरिंग हे सगळं अँटेनाच्या निकटक्षेत्रात येतं. गच्चीपासून जितकं वर नेता येईल तितकं न्या.

सोल्डर_आणि_तार:

४० मीटरचा पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल (उभी अँटेना) आहे. जमिनीवर चार रेडियल (बुंध्यापासून चहूकडे पसरलेल्या तारा) होते तेव्हा एसडब्ल्यूआर १.१ होता. रेडियल वाढवत गेलो तसा तो १.४ झाला. ट्युनिंग तेच, जोड तपासले. रेडियल काढून टाकू का?

दीर्घलहरी:

अजिबात काढू नका! तुमची अँटेना सुधारली आहे.

पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी म्हणून बाहेर पडणाऱ्या पॉवरचा रोध) आदर्श जमिनीवर ३६ ओहम असतो. मीटरला दिसतो तो आकडा म्हणजे हे ३६ अधिक मातीतलं नुकसान. एकूण ५० दिसत असेल तर १४ ओहम मातीचे, आणि ढोबळ मानाने कार्यक्षमता ३६ भागिले ५०, म्हणजे ७२ टक्के. रेडियल वाढले की नुकसान कमी होतं, आकडा ३६ कडे सरकतो, आणि ५० ओहमच्या केबलवर ३६ ओहमचा एसडब्ल्यूआर १.४ च्या जवळ येतो. तुम्हाला तोच दिसतोय.

लोडिंग कॉइल (कमी लांबी भरून काढणारं वेटोळं) लावलेल्या आखूड व्हर्टिकलमध्ये हे जास्त बोचतं. तिथे रेडिएशन रेझिस्टन्स समजा ५ ओहम उरला आणि मातीचे तेच १४ राहिले, तर २६ टक्केच पॉवर बाहेर पडते. कॉइलचं नुकसान त्यात धरलेलंही नाही. म्हणून व्हर्टिकल जितका आखूड, तितकी रेडियलची गरज मोठी. कमी जागेत छोटा व्हर्टिकल लावायचा आणि रेडियलही टाळायचे, हा जोडीने केलेला तोटा आहे.

नवा_ऑपरेटर:

रेडियलऐवजी एक चांगला लांब कॉपर रॉड ठोकला तर? मीठ-कोळसा घालून?

शॅकमधला_वायरमन:

यावर मी लिहितो, हे माझ्या कामाचं आहे. रॉड हा विजेसाठी. घरगुती पुरवठ्याचा दोष किंवा आकाशातली वीज यांना जमिनीत जायला वाट लागते आणि त्यासाठी रॉड हवाच. खांबाचा रॉड, शॅकचा (रेडिओच्या खोलीचा) रॉड आणि घराचं मुख्य अर्थिंग हे जाड वाहकाने एकमेकांना जोडलेलं असायला हवं. सुटे राहिले तर वीज पडल्यावर दोघांमध्ये प्रचंड व्होल्टेज उभं राहतं आणि ते तुमच्या रेडिओतून वाट काढतं.

पण आरएफ (रेडिओ लहरींचा) प्रवाह व्हर्टिकलच्या बुंध्याशी सगळ्या बाजूंनी, पृष्ठभागालगतच्या मातीतून परत येतो. त्याला एका जागी ठोकलेल्या रॉडचा उपयोग जवळजवळ नाही. मिठाने रॉडभोवतीची दोन हात माती सुधारते, तीही पावसात धुऊन जाईपर्यंत. वर धातू गंजतो आणि झाडं मरतात ते वेगळंच. वरच्या मजल्यावर शॅक असेल तर आणखी एक गोष्ट: खाली रॉडपर्यंत जाणारी तार एखाद्या बँडवर पाव तरंगलांबीची भरली, की त्या बँडवर वरच्या टोकाला ती जोडलेली नसल्यासारखीच वागते.

दीर्घलहरी:

वायरमनसाहेबांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत.

थोडं आकड्यांत सांगतो. सरासरी माती म्हणून सगळीकडे जे आकडे वापरतात ते असे: वाहकता ०.००५ सीमेन्स प्रति मीटर, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट १३. खडकाळ, रेताड जमीन ०.००१ आणि ५. उत्तम, ओलसर, काळी माती ०.०३ आणि २०. समुद्राचं पाणी ५ आणि ८०. सरासरी माती आणि समुद्र यांच्या वाहकतेत हजारपट अंतर आहे.

या आकड्यांतून एक सुंदर गोष्ट निघते. सरासरी माती ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बरोबर उंबरठ्यावर असते. त्याखाली ती वाहकासारखी वागायला लागते, त्यावर डायलेक्ट्रिकसारखी, म्हणजे विद्युतरोधकासारखी. ना धड धातू, ना धड काच, म्हणूनच ती इतकी पॉवर खाते. ७ मेगाहर्ट्‌झची लहर अशा मातीत सुमारे चार मीटर खोल गेल्यावर तिच्या क्षेत्राची तीव्रता ३७ टक्क्यांवर येते. समुद्रात तेवढंच घडायला आठ-नऊ सेंटिमीटर पुरतात. त्यामुळे खांबाभोवती पाइपने पाणी मारून फार काही हाती लागत नाही. ओली झालेली वरची वीतभर माती चार मीटरांच्या हिशोबात किरकोळ आहे.

किनारपट्टी:

समुद्राचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. बेटांवर डीएक्सपेडिशनला (दुर्मीळ ठिकाणाहून रेडिओ चालवण्याच्या मोहिमेला) जाणारे लोक अवजड बीम (एका दिशेला झोत टाकणाऱ्या अँटेना) सोडून पाण्याच्या कडेला साधे व्हर्टिकल का उभारतात, ते इथे कळतं.

उभ्या ध्रुवीकरणात एक कोन असा असतो, ज्याच्या खाली परावर्तित लहर मुख्य लहरीला मदत करायची थांबते आणि तिला खोडायला लागते. याला स्यूडो-ब्रूस्टर कोन म्हणतात. सरासरी मातीवर तो एचएफला १५ अंशांच्या आसपास, खडकाळ जमिनीवर आणखी वर. म्हणजे लांबच्या डीएक्सला लागणारे ५ ते १५ अंशच नेमके कापले जातात. खाऱ्या पाण्यावर हाच कोन एका अंशाच्याही खाली जातो. क्षितिजापर्यंत सगळं मोकळं!

लक्षात घ्या, रेडियल घालून हा कोन बदलत नाही. कमी कोनाचं परावर्तन खांबापासून कित्येक तरंगलांबी दूर होतं, तिथे तुमची तार पोचत नाही. आणि गोड्या पाण्याचं तळं ही समुद्राची जागा घेत नाही. त्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट समुद्राइतकाच असला तरी वाहकता कमकुवत मातीसारखी असते, त्यामुळे कोन सहा अंशांच्या आसपास अडतो. मातीपेक्षा बरं, समुद्रापेक्षा पुष्कळ मागे.

गच्चीवरचा_मास्ट:

म्हणजे साध्या जमिनीवर राहणाऱ्याने व्हर्टिकल लावूच नये?

किनारपट्टी:

तसं नाही. ८० आणि १६० मीटरवर अर्ध्या तरंगलांबीच्या उंचीचा डायपोल कोण टांगणार? खाली टांगलेल्या डायपोलपेक्षा मातीवरचा व्हर्टिकल कमी कोनात तिथे बहुतेक वेळा पुढेच असतो. २० मीटर आणि त्यावर मात्र दहा-बारा मीटरचा खांब मिळत असेल तर मी मातीवर आडवी अँटेनाच निवडेन.

मॉडेलवाली:

सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एमएमएएनए-गॅल या अँटेनाच्या प्रोग्राममध्ये मिनिनेक हे गणिती इंजिन आहे. ते अवरोध काढताना जमीन आदर्श वाहक धरतं आणि खरी माती फक्त दूरच्या पॅटर्नसाठी वापरते. त्यामुळे कमी उंचीवरच्या आडव्या तारेचा गेन (एका दिशेला मिळणारा जोर) त्यात फुगलेला दिसतो. पाव तरंगलांबीच्या खाली असलेल्या आडव्या तारेसाठी त्यावर विसंबू नका. एनईसी-२ या दुसऱ्या इंजिनमध्ये सॉमरफेल्ड-नॉर्टन पद्धतीची जमीन निवडली तर उत्तर भरवशाचं येतं, ४एनईसी२ आणि ईझेडनेक या दोन्ही प्रोग्राममध्ये ती सोय आहे. ईझेडनेक २०२२ पासून मोफत आहे. मातीत पुरलेल्या तारा एनईसी-२ ला जमत नाहीत, त्यासाठी एनईसी-४ किंवा ५ लागतं. ते नसेल तर लोक एनईसी-२ मध्येच जमिनीच्या अगदी थोडं वर रेडियल धरून अंदाज काढतात.

आणि हे सगळं सपाट, एकसारख्या जमिनीसाठी. उतारावर घर असेल तर उताराच्या दिशेला कोन आपोआप खाली येतो, डोंगराच्या बाजूला तो अडतो. ते बघायला आडव्या अँटेनांसाठी एचएफटीए नावाचा वेगळा प्रोग्राम आहे.

सोल्डर_आणि_तार:

आता रेडियल किती? कुणी १२० म्हणतं, कुणी चार.

दीर्घलहरी:

दोन्ही आकड्यांमागे प्रत्यक्ष मोजणी आहे.

१२० चा उगम १९३७ चा. आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन यांनी ३ मेगाहर्ट्‌झवर रेडियलची संख्या ११३ पर्यंत वाढवत नेऊन मोजमापं घेतली. त्यातून प्रसारण केंद्रांसाठी १२० चा पायंडा पडला. त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे: रेडियल थोडे असतील तर ते लांब करून काही मिळत नाही. लांबीचा फायदा संख्या वाढल्यावरच सुरू होतो.

चारचा आकडा जमिनीपासून उचललेल्या रेडियलचा आहे. रूडी सेव्हर्न्स (कॉलसाइन एन६एलएफ) यांनी ४० मीटरवर पद्धतशीर प्रयोग केले. सुमारे सव्वा मीटर उचललेले पाव तरंगलांबीचे चार रेडियल आणि जमिनीवर पसरलेले चौसष्ट, यांत त्यांना जेमतेम फरक दिसला. कारण असं की उचललेल्या तारेत प्रवाह तारेतूनच परततो, मातीत शिरत नाही. पण चारही सारखे, योग्य लांबीचे हवेत आणि फीडपॉइंटला (केबल जिथे जोडते तिथे) चांगला चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा) हवा. चोक नसेल तर कोॲक्सची बाहेरची बाजू पाचवा रेडियल होऊन बसते आणि मातीत पॉवर सोडते.

त्यांनीच दाखवलेली आणखी एक बाब. जमिनीवर टेकलेल्या तारेत लहर मंदावते, म्हणून हवेतल्या हिशोबाने कापलेला पाव तरंगलांबीचा रेडियल जमिनीवर विद्युतदृष्ट्या बराच लांब ठरतो. चारच रेडियल जमिनीवर टाकायचे असतील तर ते आखूड केल्यावर सिग्नल वाढतो. संख्या वाढली की हा प्रश्न विरत जातो.

शॅकमधला_वायरमन:

सव्वा मीटरवर तारा म्हणजे कुणाच्या गळ्याशी येतील. माणसं आणि जनावरं फिरतात तिथे डोक्याच्या वर न्या. टोकांना पॉवर देताना उच्च व्होल्टेज असतं, हात लागला तर भाजतं.

जुना_श्रोता:

सगळे चांगल्या जमिनीच्या मागे आहेत. खराब जमिनीवरच चालणारी एक अँटेना आहे, तिची आठवण करून देतो. बेव्हरेज. हॅरॉल्ड बेव्हरेज यांना १९२१ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक ते काही तरंगलांबींची तार, जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, टोकाला रोधक. नुकसान करणाऱ्या मातीवरून जाताना उभ्या लहरीचा माथा पुढे झुकतो. त्या झुकण्यामुळेच आडव्या तारेत तिचा अंश उतरतो आणि तारेच्या लांबीभर साठत जातो. समुद्रावर लहर झुकतच नाही, म्हणून तिथे बेव्हरेज निकामी. १६० आणि ८० वर ऐकण्यासाठी ती अजूनही अव्वल आहे. खडकाळ माळ असलेल्यांनी खंत न करता लांब तार पसरावी.

चंद्रलक्ष्यी:

व्हीएचएफकडूनही (३० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्याकडूनही) एक भर. १४४ मेगाहर्ट्‌झवर चंद्रावरून सिग्नल परतवणारे लोक चंद्र उगवताना आणि मावळताना थांबून असतात. आडव्या यागीला (अनेक दांड्यांच्या, एका दिशेला झोत टाकणाऱ्या अँटेनाला) तेव्हा समोरच्या जमिनीकडून सहा डेसिबलपर्यंत फायदा मिळतो, जातानाही आणि येतानाही. एका साध्या यागीवर त्याच थोड्या मिनिटांत संपर्क होतो.

नवा_ऑपरेटर:

बदल केल्यावर खरंच फायदा झाला हे कळणार कसं? बँड तर दर तासाला बदलतो.

मॉडेलवाली:

म्हणूनच आधी-नंतर अशी तुलना करू नका. दोन अँटेना एकाच वेळी उभ्या ठेवा, सारख्या पॉवरवर डब्ल्यूएसपीआरचे (कमी पॉवरचे आपोआप नोंदले जाणारे चाचणी सिग्नल) प्रसारण आलटून पालटून द्या, आणि त्याच त्या दूरच्या स्टेशनांनी नोंदवलेले एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) शेजारी मांडा. फेडिंगमुळे एकेक नोंद दहा डेसिबलने इकडेतिकडे होते, त्यामुळे पुष्कळ नोंदींचा मध्यक घ्या. अंतरानुसार नोंदी वेगळ्या केल्या तर कोनाचा फरकही दिसतो: जवळच्यांकडे एक अँटेना जिंकते, दूरच्यांकडे दुसरी.

सोल्डर_आणि_तार:

शेवटचं विचारतो. उचलायला जागा नाही, तारा गवतातच जाणार. ४० मीटरसाठी माझ्याकडे सत्तर मीटर तार शिल्लक आहे. कशी तोडू?

दीर्घलहरी:

पाव तरंगलांबीच्या दहा-दहा मीटरच्या सात करू नका. तरंगलांबीच्या एक दशांशाचे, म्हणजे सव्वाचार मीटरचे सोळा करा. बुंध्याजवळ प्रवाह सर्वांत दाट असतो, तार तिथेच लागते. या मांडणीत आदर्श जमिनीच्या तुलनेत तीनएक डेसिबल नुकसान राहील. पुढे आणखी साठ मीटर तार मिळाली तर एक अष्टमांश तरंगलांबीच्या, म्हणजे सव्वापाच मीटरच्या, चोवीसपर्यंत जाता येतं आणि नुकसान दोनवर येतं. त्यानंतर एकेका डेसिबलसाठी तार फार वेगाने वाढते: एका डेसिबलपर्यंत यायला साठ रेडियल, प्रत्येकी तरंगलांबीच्या पाचव्या हिश्श्याचे, म्हणजे पाचशे मीटर तार. इन्सुलेशनची तार चालते, उघडी असण्याची गरज नाही, आणि टोकं जमिनीत ठोकायचीही नाहीत. गवत कापून झाल्यावर यू-पिनांनी तारा जमिनीला घट्ट बसवा. एका हंगामात गवत त्यांच्यावरून वाढतं आणि पुढच्या कापणीच्या वेळी यंत्र वरून फिरवलं तरी त्या सुरक्षित राहतात.